प्ले दाबलं की अडकतंय? रिअलटाइम इफेक्टवर वाचकांचे प्रश्न

या वेळी जवळजवळ सगळी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत. इफेक्ट टाकला की तो लगेच दिसायला नाहीतर ऐकू यायला पाहिजे, पण तसं होत नाही, अडकत अडकत येतं, आवाज मागेपुढे होतो, आणि मग माणूस वैतागून इफेक्टच काढून टाकतो. ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, बेलापूर, सगळीकडून तेच. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

ताई, मी ऐरोलीला राहतो, कॉलेजला आहे. पाडव्याच्या शोभायात्रेचं शूटिंग ठाण्यात तलावपाळीच्या बाजूला मोबाइलवर केलं, फोर-के मध्ये. प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कलर केला, थोडा ब्लर टाकला, तर आता प्ले केलं की व्हिडिओ थांबत थांबत चालतो. टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप मांडतो त्या पट्टीवर, लाल रेघ येते. एक्सपोर्ट पण असाच अडकणार का? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, नवीन घेणं शक्य नाही.

नाही अडकणार, आधी ही काळजी सोड. प्लेबॅक आणि एक्सपोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत आणि हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मा त्रास कमी होतो.

बघ, २५ फ्रेमचा व्हिडिओ असेल तर एका फ्रेमच्या वाट्याला ४० मिलिसेकंद येतात, तेवढ्यात लॅपटॉपने ती फ्रेम फाइलमधून उलगडायची, त्यावर कलर करायचा, ब्लर करायचा, स्क्रीनवर ठेवायची, आणि लगेच पुढची घ्यायची. ४० ऐवजी ९० लागले तर तो मधल्या फ्रेम सोडून पुढे पळतो कारण आवाजाला थांबवता येत नाही. तुला जो अडकलेला व्हिडिओ दिसतो तो हा. एक्सपोर्टला अशी घाईच नसते, एका फ्रेमला दोन सेकंद लागले तरी तो लावतो आणि प्रत्येक फ्रेम फाइलमध्ये जाते. वेळ जास्त जाईल, फ्रेम गळणार नाहीत.

आता रेघांचं. लाल म्हणजे प्रीमियरचा अंदाज की हा भाग रेंडर केल्याशिवाय, म्हणजे इफेक्टसकट आधीच तयार करून ठेवल्याशिवाय, नीट चालणार नाही, पिवळी म्हणजे रेंडर नाहीये पण बहुतेक चालेल, हिरवी म्हणजे रेंडर करून ठेवलाय. हा अंदाज आहे हं, लाल असूनही छान चालतं कधीकधी आणि पिवळी असून अडकतं. खरं बघायचं तर प्रोग्रॅम मॉनिटरच्या, म्हणजे एडिट दिसतं त्या खिडकीच्या, सेटिंगमध्ये ड्रॉप झालेल्या फ्रेम दाखवणारा छोटा दिवा चालू कर, हिरवा राहिला तर एकही फ्रेम गेली नाही, पिवळा झाला तर गेली.

पण मला वाटतं तुझ्या केसमध्ये खरं ओझं इफेक्टचं नाहीच, फाइलचं आहे. मोबाइल जागा वाचवायला एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतो, त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं, वाण्याच्या वहीत रोजची उधारी मांडलेली असते पण आजची एकूण बाकी काढायची तर मागची पानं उलटावी लागतात तसं. टाइमलाइनवर मधेच उडी मारली की लॅपटॉप मागची पानं उलटत बसतो. त्यात फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, एका फ्रेममध्ये ८२ लाखांवर पिक्सेल. शिवाय ढोलताशा, लेझीम, फेटे, सगळं हलतंय, म्हणजे बदल पण भरपूर.

पैसे न घालता काय करशील ते सांगते. सगळ्यात आधी प्रोग्रॅम मॉनिटरखाली प्लेबॅक रिझोल्युशन पाव कर. पाव म्हणजे रुंदी पण पाव आणि उंची पण पाव, म्हणजे पिक्सेल सोळाव्या हिश्शावर येतात, साधारण ५ लाख. एक्सपोर्टवर याचा काडीचा परिणाम होत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपची एडिटपुरती हलकी नक्कल, बनव, प्रोजेक्टमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून क्रिएट प्रॉक्सीज, फॉरमॅट प्रोरेस नाहीतर डीएनएक्सएचआर घे, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते म्हणून उलगडायला हलकी जाते. डिस्कवर जागा मात्र लागेल, रात्री लावून झोप. एक्सपोर्टच्या वेळी प्रीमियर आपोआप मूळ फाइल घेतो. आणि कट लावताना इफेक्ट बघायची गरजच नसते, तेव्हा मॉनिटरच्या बटणांमध्ये एफएक्स बंद करायचं बटण ओढून आण, कट झाले की चालू कर. जिथे ब्लरचा टायमिंग बघायचाच आहे तेवढ्या दहा सेकंदांना सुरुवात-शेवटाच्या इन-आउट खुणा लावून रेंडर कर. पूर्ण टाइमलाइन रेंडर करत बसू नकोस, एक कट बदललास की तिथलं रेंडर वाया.

अजून एक, बरेच मोबाइल फ्रेमरेट एकसारखा ठेवत नाहीत, अंधारात कमी होतो. लांब क्लिपमध्ये शेवटी शेवटी आवाज आणि ओठ जुळत नसतील तर दोष इफेक्टचा नाही, याचा असू शकतो. प्रॉक्सीने हे सुटत नाही. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून आधी कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घे आणि मग एडिटला बस.

मॅडम, नौपाड्यातून लिहितेय, मी निवृत्त शिक्षिका आहे. नातवंडांसाठी आणि शाळेसाठी गोष्टी रेकॉर्ड करते, ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पूर्वी एकदा इफेक्ट दिला आणि फाइल बंद केली की परत मूळ आवाज मिळायचा नाही. आता रिअलटाइम इफेक्ट आलेत असं भाचा म्हणतो, पण पंख्याचा आवाज घालवायचा नॉइज रिडक्शन त्यात सापडतच नाही.

बाई, भाचा बरोबर सांगतोय. ऑडॅसिटी ३.२, सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, तेव्हापासून रिअलटाइम इफेक्ट आहेत. त्याआधी इफेक्ट दिला की थेट आवाजाच्या लाटेतच बदल व्हायचा आणि प्रोजेक्ट बंद केला की अनडू पण संपायचा. आता ट्रॅकच्या डाव्या बाजूला इफेक्ट्सचं बटण आहे, तिथून टाकलेला इफेक्ट वाजवताना लागतो, मूळ रेकॉर्डिंग खाली तसंच राहतं. सहा महिन्यांनी उघडून रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारा इफेक्ट, काढला तरी चालतो. माझ्या मते आवाजाचं काम करणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे, कारण आज कानाला जे गोड वाटतं ते उद्या सकाळी ऐकलं की जास्त वाटतं, आणि तेव्हा मागे जाता आलं पाहिजे.

मग नॉइज रिडक्शन तिथे का नाही? कारण त्याला आधी शिकावं लागतं. नुसत्या पंख्याचा एक तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल द्यायचं, मग तो बाकीच्या रेकॉर्डिंगमधून तेवढं वजा करतो. नॉर्मलाइझचं पण तसंच, सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे हे पूर्ण फाइल पाहिल्याशिवाय कळणार कसं? रिअलटाइम इफेक्टला पुढचं जवळजवळ काहीच दिसत नसतं, जे आत्ता हातात आलं त्यावरच काम करायचं असतं. ज्याला आधी सगळं बघावं लागतं तो इफेक्ट रिअलटाइम होऊ शकत नाही, मग सॉफ्टवेअर कितीही महाग असो. व्हिडिओत हलणारं चित्र स्थिर करणारा वॉर्प स्टॅबिलायझर आधी ॲनालाइज करत बसतो तो याचसाठी.

म्हणून असं करा. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पाच सेकंद गप्प बसा, म्हणजे पंख्याचा शुद्ध नमुना मिळेल. मग ट्रॅकची डुप्लिकेट काढा, मूळ म्यूट करून ठेवा. डुप्लिकेटवर इफेक्ट मेनूतून आधी हाय-पास, म्हणजे ठरलेल्या पातळीखालचे जाड आवाज कापणारा फिल्टर, ८० हर्ट्झवर द्या, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, वायरिंगमधून येणारी गुणगुण त्याच आसपास असते आणि गोष्ट सांगणाऱ्या बाईमाणसाच्या आवाजात तिथे कामाचं काही नसतं. मग नॉइज रिडक्शन, पण हलकं, ६ ते १० डेसिबलच, जास्त केलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो आणि मुलांना ते लगेच जाणवतं. हे दोन पक्के करून टाकायचे. त्यावर रिअलटाइममध्ये कॉम्प्रेसर, म्हणजे राक्षसाचा आरडाओरडा आणि म्हातारीची कुजबुज दोन्ही ऐकू येतील, आणि सगळ्यात शेवटी लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा, उणे १ डेसिबलवर. हे दोन्ही रिअलटाइममध्ये हवे असतील तर ऑडॅसिटी ३.६ किंवा नंतरचं घ्या. क्रम उलटा करू नका. कॉम्प्रेसर आधी लावला तर तो तुमच्या दोन वाक्यांमधला पंखा वर उचलून आणतो आणि मग तो घालवणं अजून अवघड. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे तेवढा वेळ पंखा बंदच ठेवा.

ताई, नेरूळला आमच्या सोसायटीचा गणपती ओबीएस या सॉफ्टवेअरवरून लाइव्ह करतो, गावाकडची मंडळी बघतात. मिक्सरचा आवाज आधी येतो आणि ओठ नंतर हलतात. आणि नॉइज सप्रेशन लावलं की आरतीत टाळ-झांज गायबच होतात.

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत कारण लाइव्हला रेंडर नाही, प्रॉक्सी नाही, दुसरी संधी नाही.

आधी टाळांचं. ओबीएसमधलं आरएनएन नॉइज नावाचं नॉइज सप्रेशन हे माणसाचं बोलणं ठेवायचं आणि बाकीचं काढायचं अशा हिशोबाने शिकवलेलं आहे. त्याच्या लेखी झांज, टाळ, ढोलकी हा सगळा गोंगाट. अध्यक्षांचं भाषण असेल तेव्हा चालू ठेवा, आरतीच्या वेळी बंद करा. दोन ऑडिओ सोर्स ठेवा, एकाला फिल्टर, एकाला नाही, आणि दोन सीनमध्ये वेगवेगळे घाला म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको. आरतीच्या सोर्सला फक्त हलका कॉम्प्रेसर आणि लिमिटर पुरे. फिल्टर वरून खाली या क्रमाने लागतात, लिमिटर सगळ्यात खाली.

ओठांचं कारण असं की मिक्सरचा आवाज सरळ कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि कॅमेऱ्याचं चित्र कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या कॅप्चर कार्डमधून येतं, त्यात दोन-चार फ्रेम उशीर होतो. चित्राला लवकर आणता येत नाही म्हणून आवाजाला थांबवायचं. आदल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर एकाला जोरात टाळी वाजवायला सांगा, माइक चालू ठेवून रेकॉर्ड करा, ती फाइल एडिटरमध्ये टाकून टाळीचा आवाज आणि हात टेकलेली फ्रेम यात किती फ्रेमचं अंतर आहे मोजा. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंद, तीन असतील तर १२०. ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये त्या सोर्सच्या सिंक ऑफसेटला १२० घाला. परत टाळी, परत बघा. कॅमेरा किंवा कार्ड बदललं तर नव्याने मोजावं लागेल. आणि आवाजाचे सगळे फिल्टर मोजायच्या आधीच लावून ठेवा कारण काही फिल्टर स्वतःचा थोडा उशीर आणतात.

ताई नमस्कार, कळव्याहून. प्रीमियरमध्ये लग्नाचं एडिटिंग करतो. प्रत्येक क्लिपला वेगळा ईक्यू (आवाजातला जाड-बारीकपणा बदलणारा) आणि कॉम्प्रेसर टाकलाय, आता प्ले करताना आवाजात टिकटिक येते. आणि फोटोला ड्रॉप शॅडो दिली तर मोशनमधून फिरवल्यावर सावली पण फिरते.

दादा, क्लिपवरून काढा, ट्रॅकवर टाका. भटजींचा माइक एका ट्रॅकवर, पाहुण्यांचा गलका दुसऱ्यावर, गाणी तिसऱ्यावर, आणि ऑडिओ ट्रॅक मिक्सरमध्ये प्रत्येक ट्रॅकला एकच ईक्यू, एकच कॉम्प्रेसर. शंभर जागी बदलायचं ते एका जागी बदलतं. क्लिपवर फक्त त्या क्लिपचा खास आजार ठेवा. हॉलचा रिव्हर्ब हवा असेल तर तो पण प्रत्येक ट्रॅकवर नको, एका सबमिक्सवर, म्हणजे अनेक ट्रॅकच्या सामाईक ट्रॅकवर, ठेवून बाकीच्यांचा आवाज तिकडे सेंड करा.

टिकटिक येते कारण आवाजाला पण वेळेची मर्यादा आहे, चित्रापेक्षा कडक. सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, आणि बफर, म्हणजे एका वेळी तयार करायचा घास, ५१२ सॅम्पलचा असेल तर साधारण १०.७ मिलिसेकंदात पुढचा घास तयार पाहिजे, नसेल तर कानाला खट्ट ऐकू येतं. ऑडिओ हार्डवेअरच्या सेटिंगमध्ये बफर १०२४ करा. व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करताना परत कमी करा, नाहीतर हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येतो.

सावली: प्रीमियरमध्ये मोशन आणि ओपॅसिटी बाकी इफेक्ट लागून झाल्यावर लागतात, म्हणून आधी सावली पडते आणि मग फोटोसकट फिरते. मोशन सोडा, ट्रान्सफॉर्म नावाचा इफेक्ट टाका, तो ड्रॉप शॅडोच्या वर ठेवा, फिरवायचं ते त्यातूनच.

बेलापूरहून. रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअर, फुकटवालं, वापरतो. ग्राफिक कार्ड घेऊ का रॅम वाढवू?

आधी बघा कोण दमतंय. टास्क मॅनेजर उघडा ठेवून तोच अडकणारा भाग प्ले करा. इफेक्ट बंद केल्यावर पण अडकत असेल तर दोष फाइलचा, प्रॉक्सी बनवा, काहीही विकत घेऊ नका. इफेक्ट चालू केल्यावरच अडकतंय आणि जीपीयू, म्हणजे ग्राफिक कार्ड, शंभर टक्क्यांना टेकतोय तर कार्ड, कारण रिझॉल्व्ह कलर आणि इफेक्टचं बहुतेक काम कार्डवरच करतं आणि तिथे कार्डची स्वतःची मेमरी जास्त असलेली बरी. रॅम भरून डिस्क सारखी खडखडतेय तर रॅम. व्हिडिओचा नॉइज रिडक्शन पाहिजे म्हणून कार्ड घेत असाल तर थांबा, तो स्टुडिओ म्हणजे विकतच्या आवृत्तीतच आहे, कार्ड आणून पण फुकटवाल्यात मिळणार नाही. तोपर्यंत प्लेबॅक मेनूतून टाइमलाइनचं प्रॉक्सी रिझोल्युशन निम्मं किंवा पाव करा आणि रेंडर कॅश स्मार्टवर ठेवा, लाल रेघ निळी झाली की तो भाग तयार. आणि कार्ड घ्यायचंच ठरलं तर लॅमिंग्टन रोडला जायच्या आधी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे आणि कार्डला लागणारा जास्तीचा कनेक्टर त्यात आहे का ते बघून, फोटो काढून न्या.