चार इंजिनांची जम्बो विमानं बंद का होत आहेत?

इंधन आणि देखभालीच्या खर्चामुळं. तेच काम आता दोन इंजिनांत भागतं. चार बैलांचा नांगर आठवा, ट्रॅक्टर आला अन् दावणी रिकाम्या झाल्या. पहिल्या बोइंग ७४७ जम्बोच्या एका इंजिनाचा जोर साधारण ४५ हजार पौंड, दोन इंजिनांच्या बोइंग ७७७-३०० ईआरचं एकच इंजिन १ लाख १५ हजारांचं. म्हणजे दोनच त्या चारांना भारी. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला पूर्वी विमानतळापासून ६० मिनिटांच्या आतच राहावं लागायचं. १९८५ पासून ही मर्यादा वाढत गेली, मग समुद्र ओलांडायला चार कशाला? एअर इंडियाचं शेवटचं ७४७ एप्रिल २०२४ मध्ये मुंबईहून कायमचं गेलं. मात्र सगळीच बंद नाहीत: मालवाहू ७४७ अजून बऱ्यापैकी उडतात.