लॅपटॉपवर चाललं म्हणजे काम झालं का?

प्रश्न: मी ठाण्यात राहते, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऐरोलीतल्या एका कंपनीत इंटर्नशिप करते. स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, मी ‘झालं’ म्हणून सांगते आणि टेस्टर टिकेट (नोंदवून दिलेलं काम) परत पाठवतो. तारखेनुसार ऑर्डरची यादी डाउनलोड करायचं काम तीनदा परत आलं. डेव्हलपमेंट सोडून टेस्टिंगकडे वळू का?

उत्तर: एवढ्यावरून अजिबात वळू नकोस. तुझा कोड चालतोय. राहतंय ते काम सुरू करण्याआधीचं विचारणं. टिकेट हातात आलं की ‘हे झालं, हे कशावरून ठरवायचं’ ते चार-पाच ओळींत टिकेटमध्येच लिही आणि लीडचा (टीमप्रमुखाचा) होकार घे.

तुझ्याच यादीचं बघ. सर्व्हरवर बहुधा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. तारीख तशीच वापरली तर रात्री 12 ते पहाटे 5:30 मधल्या ऑर्डर आदल्या दिवसात जातात. दुपारच्या चार ऑर्डर टाकून तपासलंस तर हे कधीच दिसणार नाही. रात्री 1 ची एक ऑर्डर मुद्दाम टाक. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) असेल तर ती एक्सेलमध्येही उघड. सुरुवातीला बीओएम (अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी अदृश्य खूण) नसेल तर मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं येऊ शकतात, नोटपॅडमध्ये मात्र तीच फाइल नीट दिसते. एकही ऑर्डर नसेल तर काय दाखवायचं? ‘पर्यंत’ची, म्हणजे शेवटची तारीख यादीत धरायची की नाही? हे शेवटचं लीडलाही क्लायंटला विचारावं लागेल, म्हणून ते पहिल्याच दिवशी विचार.

टीमची ‘डेफिनिशन ऑफ डन’, म्हणजे काम ‘झालं’ कधी म्हणायचं याची यादीही मागून घे. स्क्रम या टीमने काम करण्याच्या पद्धतीत ती सगळ्या कामांना सारखीच लागू असते: रिव्ह्यू (दुसऱ्याने कोड तपासणं), टेस्ट, मर्ज (मुख्य कोडमध्ये मिसळणं), स्टेजिंगवर (खऱ्यासारख्या चाचणी-सर्व्हरवर) तपासणी वगैरे. टिकेटच्या अटी त्याशिवाय वेगळ्या. स्टँडअपला नुसतं ‘झालं’ म्हणू नकोस. ‘कोड लिहून झालाय, रिव्ह्यू बाकी आहे’ असं सांग, म्हणजे टेस्टरही अर्धवट काम उचलणार नाही.

अटी पूर्ण झाल्या की मात्र थांब. वाटेत सुचलेल्या सुधारणेसाठी नवं टिकेट काढ, नाहीतर रिव्ह्यू झालेला कोड पुन्हा तपासावा लागतो.

इंटर्नशिप संपेपर्यंत असं करून बघ. तरीही कोड लिहिण्यापेक्षा अशा चुका शोधण्यातच जास्त रमलीस, तर पुन्हा लिही. ऑटोमेशन टेस्टिंगसाठी (प्रोग्रॅम लिहून आपोआप तपासणी करण्यासाठी) काय शिकायचं ते सविस्तर सांगेन.