प्रिय मनू, त्या कुंडीबद्दल

परवा तुझी मैत्रीण आली तेव्हा मी मागच्या पायरीवर बसून कुंडीतली घोळाची भाजी निवडत होते. "तुझी आई वीड्स खाते?" असं तिनं विचारलं. तू काहीच बोलली नाहीस. रात्री दात घासताना मात्र विचारलंस, "आई, तू लहानपणी पुअर होतीस का?" मी "छे गं, आवडतं म्हणून खातो" म्हणाले आणि दिवा घालवला.

ते अर्धंच खरं होतं, म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण या गोष्टी मला इंग्रजीत सांगता येत नाहीत. अडलीस तर बाबा वाचून दाखवेल.

संगमनेरच्या पठारावरचं आपलं शेत तू पाहिलंयस, पण तू पाहिलंस ते मे महिन्यातलं, नुसतं ढेकळांचं. पावसाळ्यात शाळा सुटली की मी आजीच्या मागे खुरपायला जायचे. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी. ती खुरपायची तेव्हा तण दोन ठिकाणी जायचं. नको ते बांधावर, हवं ते तिच्या लुगड्याच्या ओच्यात. घोळ, तांदुळजा, पाथरी. थंडीत हरभऱ्याच्या वावरात चाकवत मिळायचा, पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा. तो ताकातला व्हायचा. पाथरी तर घरापर्यंत पोचायचीच नाही. दुपारी झाडाखाली कळशीतल्या पाण्यानं धुवायची आणि मीठ लावून भाकरीबरोबर कच्चीच खायची. कडवट लागायची. मला आवडायची असं आता वाटतं, तेव्हा आवडायची का ते सांगवत नाही.

घोळासारखंच जमिनीला चिकटून पसरणारं आणखी एक तण असतं. तेही लालसर देठाचं, लहान पानांचं. आजी म्हणायची, नख लाव, पांढरा चीक आला तर टाक. घोळाचं देठ कसं जाड, रसरशीत, मोडलं की नुसतं पाणी. मी हा नियम पाठ केला आणि दुसऱ्या दिवशी ओंजळभर पाथरी बांधावर फेकून दिली, कारण पाथरीलाही चीक असतो! आजी चिडली. मी म्हटलं, तूच सांगितलंस ना? तर म्हणाली, "अगं, तिला मी वळखते." यापलीकडे तिनं काही समजावलं नाही. मी इथं भाजी शोधताना मोबाइलवर पानांचे फोटो ताडून बघते, तेव्हा ते वाक्य आठवतं आणि जरा ओशाळायला होतं. मी निम्म्या झाडांना वळखत नाही. म्हणून घोळ आणि चाकवत सोडून इथलं काहीही तोडत नाही, आणि तूही तोडायचं नाहीस.

न्यू जर्सीत आल्यावर पहिल्याच जुलैत ड्राइव्हवेच्या फटीत घोळ दिसला आणि मला खरंच रडू आलं. (बाबाला अजून हसू येतं त्याचं.) त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या कडेचा सगळा घोळ उपटून आणला, मुगाची डाळ आणि लसूण घालून भाजी केली. चार दिवसांनी पाहते तर पाठीवर टाकी घेतलेला माणूस त्याच कडेनं तणनाशक मारत चालला होता. आधी कधी मारलं होतं कोण जाणे, भाजी तर पोटात गेलेली! तेव्हापासून ही कुंडी. एक जाड देठ मातीत खोचलं, धरलं. मेक्सिकन दुकानात याची जुडी मिळते हे मला फार नंतर कळलं. बाबाच्या ताटात मी ती भाजी वाढत नाही, कारण त्याला मुतखडा होऊन गेलाय आणि घोळात ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं.

आता उरलेलं अर्धं.

एकदा, मी सात-आठ वर्षांची असेन, पहिल्या पावसानंतर गायरानात कोवळा तरोटा उगवला होता. त्याची पानं संध्याकाळी मिटतात, म्हणून मला ते झाड फार आवडायचं. फ्रॉकमध्ये भरून आणला आणि चुलीपाशी ओतला. आजीनं एकदा बघितलं आणि सगळा उचलून उकिरड्यावर टाकला. "गुरंसुदीक तोंड लावीत न्हाईत त्याला. बहात्तरात लई खाल्ला." आमच्या घरी तरोट्याची भाजी कधीच झाली नाही. लोक आवडीनं खातात, नारळ घालून करतात, हे मला कॉलेजात मैत्रिणीच्या डब्यातून कळलं. त्या डब्यातली भाजी छान होती, आणि मी ते आजीला सांगितलं नाही.

१९७२ साली पाऊस नव्हता. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी यायची. ती अमेरिकेतून यायची, मनू. जिथं आपण राहतो तिथून. मी आज याच देशात हौसेनं तण वाढवते आणि त्याला स्वावलंबन वगैरे म्हणते. तिच्यासाठी तो शब्द नव्हता, संध्याकाळ निभावणं होतं. मग घोळ ती शेवटपर्यंत का करत राहिली आणि तरोटा का नाही? मला वाटतं घोळ तिला माहेरापासून ठाऊक होता, भुकेच्या आधीपासून. पण हे माझंच म्हणणं, मी तिला विचारलं नाही.

ऋषिपंचमीलाही ती बैलाच्या कष्टाचं खायची नाही, परसातल्या आणि रानातल्या भाज्यांची एकत्र भाजी करायची. त्या व्रतामागे बायकांच्या विटाळाचं जे कारण सांगतात ते मला पटत नाही. व्रत मी सोडलं, भाजी ठेवली. तू तीही सोडलीस तर मी रुसणार नाही. थोडी रुसेन.

तर तुझं उत्तर. पणजी गरीब होती. मी नव्हते, पण तिच्या हातचं खाऊन वाढले. तू नाहीस.

कुंडी मी काढणार नाही. मैत्रीण येणार असेल त्या दिवशी आधी सांग, गॅरेजमागे ठेवीन.

तुझी,
आई