समुपदेशकाकडे गेल्यावर जात सांगावी का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय २३, राहायला कुर्ल्याला, बौद्ध. पहिलीच नोकरी. ऑफिसात आडनाव टाळतोस, नावापुढे वडिलांचं नाव लावून वेळ मारून नेतोस. चार महिने झोप नाही, लोकलमध्ये छातीत धडधडतं. समुपदेशकाकडे जायचंय, पण तिथे जातीचा विषय काढावा का, की उगाच फाटे फुटतील?

जय भीम. तू माझ्या धाकट्या भावाहूनही लहान आहेस, म्हणून अरेतुरे करते.

सांग. पहिल्याच दिवशी सांगायची सक्ती नाही. मात्र सांगशील तेव्हा समोरचा काय बोलतो ते नीट ऐक. पुढच्या वेळचे पैसे भरायचे की नाही, ते तेवढ्यावरून कळतं.

माझं सांगते. मी नायगावच्या बीडीडी चाळीतली. १६० चौरस फुटांची खोली आणि सहा माणसं. अशा घरात रडायची सोय नसते. एकीने नाक ओढलं की पाच जण विचारणार, आणि भिंतीपलीकडची मावशी चहा घेऊन हजर. पुढे अंधेरीला नोकरी लागली तेव्हा मी लेडीज डब्यात दाराजवळ उभी राहून रडायला शिकले. तिथल्या बायका बघतात, जरा सरकून जागा देतात, पण विचारत कोणी नाही.

ऑफिसात ११ वर्षं मी कुणाला कळू दिलं नाही. माझं आडनाव मराठ्यांतही चालतं आणि आमच्यातही, त्यामुळे सोपं गेलं. कुलदैवत विचारलं की जेजुरी सांगून मोकळी. घट बसतात का? बसतात की. गणपती किती दिवसांचा? इथे मात्र पंचाईत व्हायची, कारण गेल्या वर्षी दीड दिवसाचा सांगितला होता की पाच, ते आठवायचं नाही. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा भाद्रपद लागला की माझ्या पोटात गोळा यायचा.

आणि ६ डिसेंबर. दर ६ डिसेंबरला मला ताप यायचा, म्हणजे रजेच्या अर्जात यायचा. आदल्या दिवशी डबा खाताना बोलणं ठरलेलं, "उद्या दादरला उतरू नका गं, काय ती गर्दी, काय ते..." पुढचं लिहीत नाही, तू ऐकलं असशीलच. मी भेंडीची भाजी चिवडत बसायचे. त्याच वेळी माझी आई शिवाजी पार्कात गावाकडून आलेल्या लोकांना जेवण वाढायची तयारी करत असायची.

२०१९ च्या मे महिन्यात डॉ. पायल तडवीच्या आत्महत्येची बातमी आली. आपल्याच शहरात शिकणारी, आदिवासी समाजातली, २६ वर्षांची मुलगी. डब्याच्या टेबलावर एक जण म्हणाली, "कोट्यातून आलं की झेपत नाही मग." आणि मी "हं" म्हटलं. इतकंच. त्या रात्रीपासून माझी झोप गेली.

आधी फॅमिली डॉक्टरकडे गेले. त्यांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, ईसीजी सगळं करायला लावलं. तूही हे आधी करून घे. धडधड शरीरातूनही येते, आणि ते वगळल्याशिवाय मनाच्या मागे लागू नये. माझे रिपोर्ट चांगले आले. आई म्हणाली, "बाबासाहेबांनी एवढं सोसलं, नि तुला ए.सी.त बसून काय झालंय?"

हे वाक्य तुझ्याही घरी येईल, म्हणून जरा थांबते. आपल्याकडे रडणं म्हणजे चळवळीला कमीपणा आणणं, असं कुठेतरी बसून गेलंय. मी आईला बडोद्याची गोष्ट सांगितली. तिथल्या पारशी सराईतून लाठ्या घेतलेल्या डझनभर माणसांनी बाबासाहेबांना बाहेर काढलं, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि १८ वर्षांनीही ते आठवलं की डोळ्यांत पाणी येतं, असंही त्यांनीच लिहिलंय. आईला पहिला भाग ठाऊक होता, दुसरा नव्हता. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

मग समुपदेशक. पहिली खासगी होती, तासाला दीड हजार. तिसऱ्या बैठकीत धीर करून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण तू तशी वाटत नाहीस! आणि मुंबईत आता कोण पाळतं हे सगळं?" मग श्वासाचा व्यायाम शिकवला. व्यायाम चांगला आहे, मी अजून करते. पण राहिलेला अर्धा तास मीच तिला समजावत होते, की तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. दीड हजार रुपये मोजून मी तिची समजूत काढून आले. परत गेले नाही.

दुसऱ्यांदा पालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेले, मानसोपचाराच्या ओपीडीत. केसपेपरची रांग, बाकावर दोन तास, शेजारी सुनेला घेऊन आलेली सासू. आत शिकाऊ डॉक्टर, तुझ्याहून थोडा मोठा असेल. त्याने झोप, भूक, काम आणि जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं सरळ विचारलं आणि गोळ्या लिहून दिल्या. मग मला तिथल्या समाजसेविकेकडे पाठवलं. तिने माझं नाव वाचलं, आडनावावर काही बोलली नाही, आणि विचारलं, "ऑफिसात डबा कुणाबरोबर खाता?"

मी २० मिनिटं रडले. मोठमोठ्या प्रश्नांनी जे निघालं नव्हतं ते डब्याने निघालं. भाद्रपद, जेजुरी, ताप, ते "हं". सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोन नोकऱ्या करताय. एकीचा पगार मिळतो." माझ्या थकव्याचा हिशेब त्या दिवशी लागला. तुझा थकवाही मला तसलाच वाटतो. लपवणं हे दिवसभर चालणारं काम आहे, आणि रात्री झोपेतही ते सुटत नाही.

गोळ्यांबद्दल आपल्यातलेच काही शहाणे सांगतील, की आजार समाजाला झालाय, गोळ्या तू कशाला खायच्या? ऐकायला बरं वाटतं. पण समाज सुधारेपर्यंत मी झोपायचं नाही का? मी नऊ महिने घेतल्या. गुण यायला दोनतीन आठवडे जातात, तोवर धीर धरावा लागतो. आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

आता तुझ्या भीतीचं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ मध्ये उपचार देताना कशावरून भेदभाव करायचा नाही त्याची यादी आहे आणि तिच्यात जात हा शब्द लिहिलेला आहे. लिंग, धर्म, लैंगिक कल, वर्ग हेही आहेत. कलम २३ प्रमाणे तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कायदा खिशात ठेवून कोणी बरं होत नाही, मान्य. पण आपण तिथे उपकार मागायला चाललो नाही, एवढं कळलं की रांगेत ताठ बसता येतं.

खासगीत जाणार असशील तर आधी फोनवरच विचार: जातीवरून येणाऱ्या ताणावर तुम्ही कुणाबरोबर काम केलंय का? "केलेलं नाही, पण मला समजून घ्यायला आवडेल" हे चांगलं उत्तर. "मी जात मानत नाही" असं आलं तर गोड बोलून फोन ठेव. आपल्याच समाजातला समुपदेशक मिळाला तर निम्मी प्रस्तावना वाचते, पण मला स्वतःला ते नको होतं. आमच्यात कोण कुणाचा मेहुणा निघेल सांगता येत नाही.

एक गल्लत करू नकोस. समुपदेशकाला सांगितलं म्हणजे ऑफिसात सांगितलं पाहिजे असं नाही. कार्यकर्ते मित्र म्हणतील, अभिमानाने सांग. पण तुझा प्रोबेशन पिरियड त्यांना काढायचा नाहीये. मी कितीतरी वर्षं घेतली. गेल्या ६ डिसेंबरला रजेच्या अर्जात तापाच्या जागी चैत्यभूमी लिहिलं. साहेबांनी न बोलता सही केली. डब्याच्या टेबलावरची एक जण तेव्हापासून दुसरीकडे बसते. दुसरीने विचारलं, "तिथे पुस्तकं स्वस्त मिळतात म्हणे?" तिला दोन आणून दिली, तिने अजून पैसे दिलेले नाहीत.

तुला कुर्ल्याहून सायन हॉस्पिटल जवळ. केईएम आणि नायरलाही हा विभाग आहे. सकाळी लवकर जा, अर्धा दिवस मोडेल असं धरून चाल, आधीचे रिपोर्ट घेऊन जा. मध्येच एखाद्या रात्री जगणं नकोसं झालं तर सकाळची वाट बघू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि केसपेपरवर ते पूर्ण नाव विचारतील. आडनावासकट सांग, तिथे मागे अजून ४० माणसं उभी असतात, कोणाला वर बघायला वेळ नसतो.