दीडपट दाबाला कनेक्टर टिकला, मग क्वालिफिकेशन कशाला?

शिरोली एमआयडीसीत समुद्राखालच्या पाइपलाइन जोडणाऱ्या कनेक्टरचं मशिनिंग करता, दीडपट दाबाच्या पाण्यात थेंबही गळला नाही, तरी गिऱ्हाईक क्वालिफिकेशन मागतंय, असं तुम्ही विचारलंय. मागायलाच हवं. हायड्रोटेस्टमध्ये, म्हणजे या पाण्याच्या दाबचाचणीत, तेवढा नग तपासला जातो. क्वालिफिकेशनमध्ये डिझाइन, मटेरियल, सील, बोल्ट, ग्रीस आणि आवळायची पद्धत मिळून तपासतात. एक बदललं की जुना पुरावा गेला.

पाणी अडतं तिथून वायू सुटतो, म्हणून नायट्रोजन किंवा हेलियम लावतात. दाबाने घट्ट होणारं सील कमी दाबाला गळतं, तिथेही बघायचं. हजार मीटरवर बाहेरून १०० बार असतात. वर ओढ, वाक, गरम-थंडचे फेरे. या चाचण्यांची पद्धत आयएसओ २१३२९ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे.

पण खरा घात बोल्टात होतो. आपल्याकडे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) बिनदिक्कत बाहेर प्लेटिंगला जातात आणि "प्लेटिंगनं काय होतंय?" हा वाद मी वर्षानुवर्षं घालतोय. ॲसिडच्या धुण्यात आणि झिंक चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो. कडक बोल्ट आवळला की हा हायड्रोजन ताणाच्या जागी गोळा होतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट तडकतो. तोवर चाचणी पास झालेली असते. समुद्रात गंज रोखायला लावलेल्या ॲनोडमुळे पोलाद उणे १.०५ व्होल्टच्या आसपास असतं, तिथे हायड्रोजन आणखी तयार होतो. २०१२ मध्ये मेक्सिकोच्या आखातात ब्लोआउट प्रिव्हेंटरच्या (विहिरीचा उद्रेक रोखणाऱ्या झडपांच्या) संचातल्या कनेक्टरचे बोल्ट असेच तुटले. प्लेटिंगनंतरचं बेकिंग, म्हणजे हायड्रोजन काढायला भट्टीत तापवणं, खालच्या फळीतल्या पुरवठादाराकडे राहून गेलं होतं.

तेव्हा कडकपणा ३४ रॉकवेल सीच्या (कडकपणाच्या मापाच्या) वर नको. इलेक्ट्रोप्लेटिंग टाळाच. ग्रिट ब्लास्ट करून पीटीएफई (टेफ्लॉन) लेप द्या, पण मग टॉर्क (आवळायचा जोर) नव्याने काढा: घर्षणांक ०.१३ वरून ०.०७ वर येतो, जुन्याच टॉर्कला बोल्ट दीडपटीहून जास्त ताणला जाईल.

तुम्ही फक्त बॉडी करत असाल, तर पूर्ण क्वालिफिकेशनची फाइल डिझाइनच्या मालकाची. भारतात २००८ च्या ऑफशोअर सुरक्षा नियमांखाली ओआयएसडी ही सरकारी तेल-सुरक्षा संस्था बघते, तिच्यापुढे जबाबदार असते ती तेलक्षेत्र चालवणारी कंपनी. तुमच्याकडून हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा क्रमांक), कडकपणाची नोंद आणि सील खोबणीचा फिनिश मागतील. स्टडही तुम्हीच देत असाल आणि प्लेटिंग टळतच नसेल, तर प्लेटिंगवाल्याकडून भट्टीचा तक्ता घ्या: बाथमधून माल किती वाजता निघाला, चार तासांच्या आत भट्टीत गेला का, १९० अंशांच्या वर किती तास राहिला. ओळखीचा माणूस असला तरी घ्या.