कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून थांबू नका, फॉस्फरस बघा

ताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली. २९ व्या आठवड्यात जन्मलेली मुलगी, जन्माचं वजन ११०० ग्रॅम, आता दोन महिन्यांची, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं कमकुवत होत असली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ९८०, आणि "कॅल्शियम नॉर्मल आहे, काळजी करू नका" असं उत्तर. सहा वर्षांपूर्वी अगदी हेच मला सांगितलं होतं आणि मी निर्धास्त घरी आले होते. म्हणून वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या हाडांबद्दल सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाची आई आहे. औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

बाळाला उघड्या छातीशी धरायची कांगारू पद्धत, हात धुणं, पाहुण्यांना मनाई हे तुम्ही करतच असाल, त्यात जात नाही.

बाळाच्या हाडांत जे कॅल्शियम-फॉस्फरस भरतं, त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. तेव्हा बाळाला किलोमागे रोज १०० ते १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळत असतं. आईच्या १०० मिली दुधात ते २५-३० मिलिग्रॅमच असतं. दुधात खोट नाही हो, ते पूर्ण दिवसांच्या बाळाच्या हिशोबाचं असतं. म्हणून तर एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) त्यात फॉर्टिफायरची, म्हणजे जास्तीच्या पोषणाची पावडर घालतात. आणि रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा ढळू देत नाही, कमी पडलं की हाडांतून काढून घेतं. हाडं रिकामी होत असतात आणि रिपोर्टात कॅल्शियम छान दिसतं.

आमच्या डिस्चार्ज कार्डावर डी३ जीवनसत्त्वाचे थेंब, आयर्न, मल्टिव्हिटॅमिन एवढंच होतं. फॉर्टिफायर बंद झाला. पुढची रक्ततपासणी कधी, ते लिहिलंच नव्हतं आणि मीही विचारलं नाही. आठव्या आठवड्यात फॉस्फटेज ११०० च्या वर आलं. दवाखान्यात सांगितलं, "सगळ्याच बाळांचं वाढलेलं असतं, लॅबची रेंज मोठ्या माणसांची असते." हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यानेच आमचा घात केला. बाळांचं जास्त असतंच, पण इतकं नाही. फॉस्फरस कुणी तपासलाच नाही.

तीन आठवड्यांनी अंघोळीनंतर झबलं घालताना त्याने उजवा हात उचललाच नाही. हात धरला की किंचाळायचा. एक्स-रेत दंडाचं हाड मोडलेलं निघालं. आणि त्याच ठिकाणी आम्हाला विचारलं, "कुणाच्या हातून पडलं का?" रोज अंघोळ माझ्या सासूबाई घालायच्या. त्यानंतर महिनाभर त्यांनी बाळाला हात लावला नाही. लांब खुर्चीत बसून नुसत्या बघायच्या. हाड तीन आठवड्यांत जुळलं, पण तो प्रश्न मी अजून माफ केलेला नाही.

तेव्हा उद्याच जाऊन फॉस्फरस, फॉस्फटेज, डी जीवनसत्त्व आणि पीटीएच (हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारं हार्मोन) या तपासण्या एकत्र करायला सांगा. फॉस्फटेज ९०० च्या वर आणि सोबत फॉस्फरस कमी, ही जोडी दिसली तर कुणाच्याही "काही नाही"वर घरी परतू नका. एक्स-रे चांगला आला म्हणूनही थांबू नका, हाडातला बराच भाग गेल्यावरच तो एक्स-रेत दिसतो. लघवी वाढवणारं औषध, स्टेरॉइड किंवा बरेच दिवस सलाइनवरचं पोषण झालं असेल तर तेही सांगा, त्यानेही हाडं कमकुवत होतात. आणि कॅल्शियमचं सिरप मनाने सुरू करू नका. काही बाळांत खरी कमतरता फॉस्फरसची असते, पीटीएच वाढलेलं असेल तर हिशोब पुन्हा बदलतो.

तुमच्या पोस्टखाली बाळाला व्यायाम द्यायचं कुणीतरी सुचवलंय. युटा विद्यापीठातल्या लॉरी मोयर-माइलर यांनी १९९५ मध्ये अशा बाळांवर काम प्रसिद्ध केलं. रोज ५-१० मिनिटं, हातापायांचे सांधे अगदी हलके हलवायचे. वजन आणि हाडांतली खनिजं वाढलेली दिसली. पण बाळं मोजकी होती, आणि करणारे हात शिकलेले होते. आधी रिपोर्ट, मग फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. व्हिडिओ बघून नको.

लंगोट बदलताना दोन्ही पाय धरून वर उचलू नका. कुशीवर वळवा, ढुंगणाखाली तळवा घाला. आणि आरओपीची (वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) डोळ्यांची तपासणी झाली नसेल तर हाडांच्याही आधी ती, एक दिवसही थांबू नका. लसी जन्मतारखेनेच द्यायच्या. बसणं-रांगणं मात्र बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजा, नाहीतर शेजारच्या बाळाशी तुलना करून जीव खाल.

रिपोर्ट आले की आकडे इथे टाका, मी बघते. तोवर मालिशवाल्या मावशींना रजा द्या. त्या पाय आडवे ओढतात, हात मागे नेतात, ते आता अजिबात नको. त्यांचे महिन्याचे पैसे देऊन टाका, म्हणजे घरात कुणी हट्ट धरणार नाही.