पावसाळ्यात काथ्याच्या ताटल्या का मोडतात?

प्रश्न : घरच्या सोडणांचा (नारळाच्या सालांचा) काथ्या कापून पीएलएच्या, म्हणजे वनस्पतींपासून बनणाऱ्या प्लास्टिकच्या, दाण्यांत वजनाने १५ टक्के मिसळतो आणि हॉट प्रेसवर (तापवून दाबणाऱ्या यंत्रावर) ताटल्या काढतो. उन्हाळ्यात बऱ्या निघाल्या. पाऊस लागल्यापासून फुगे येतात, ताटली बिस्किटासारखी मोडते. काथ्या कमी घालू का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रमाण ठीक आहे, त्याला हात लावू नका. दोष ओलाव्याचा. काथ्यातलं पाणी साच्यात वाफ होतं, ते फुगे. तेच पाणी वितळलेल्या पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं, म्हणून ठिसूळपणा. काथ्या ओव्हनमध्ये ८० अंशांवर ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत काढू नका. पीएलएचे दाणेही वेगळे सुकवा. ८० अंशांवर ते एकमेकांना चिकटले तर ४५-५० वर जास्त वेळ ठेवा. सुकलेला माल लगेच हवाबंद डब्यात भरा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडा काथ्या पुन्हा ओलावा ओढतोच.

आता मोडलेली कड भिंगाखाली धरा. धागे लांब, स्वच्छ बाहेर आलेत आणि मागे भोकं उरलीत? मग काथ्यावरची पीएलएची पकडही कच्ची आहे. काथ्यावरचा मेणचट थर काढावा लागेल. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा, त्यात काथ्या दोन तास. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर नाही. हातमोजे, चष्मा हवाच, आणि ॲल्युमिनियमचं भांडं चालणार नाही. जास्त वेळ ठेवला तर धागाच कमजोर होतो. धुताना शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, मग लिटमस बदलेनासा होईपर्यंत साधं पाणी. इथे बहुतेक जण घाई करतात, आणि उरलेला सोडा पीएलएलाच खातो.

धागे ३ ते ५ मिलिमीटर ठेवा. प्रेस १८०-१९० अंशांवर. २०० च्या वर काथ्या करपतो, वास लगेच येतो. पूर्ण दाब देण्याआधी साचा दोन-तीनदा किंचित उघडून हवा सोडा. दाब तसाच ठेवून ५० अंशांखाली थंड होऊ द्या, नाहीतर ताटली वाकते.

प्रश्न : या ताटलीत गरम शीतकढी (भात आणि कढी) वाढता येईल? परसातल्या खड्ड्यात ती कुजेल? – तेच वाचक

उत्तर : पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, काथ्या घालून ते फारसं बदलत नाही. कढी कोमट करून वाढा. कुजायलाही साधारण तेवढीच ऊब बरेच आठवडे लागते. परसातला खड्डा तेवढा तापत नाही. ताटलीवर ‘घरी कुजते’ असं छापू नका.